बीडची गाडी बीडला मुक्कामी हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे निघाली. (आमच्या तोंडी अजून नगरच आहे, म्हणून पुढे नगर असंच लिहितो.) मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी हिरवा झेंडा दाखवला. मी वडवणीहून मुद्दाम गेलो होतो, सोबत माझे ८३ वर्षांचे वडील होते. आदल्या रात्रीच त्यांनी धोतर-टोपी धुऊन वाळत घातली होती. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी हलली तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी हळद-कुंकू वाहिलं, कुणाच्या डोळ्यांना धारा लागल्या. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर वडिलांनी मला विचारलं, "आता गेली. परत कधी येणार?"

मी वेळापत्रक आधीच वाचलं होतं. म्हणालो, "सकाळी पाच कमी सातला नगरहून निघते, साडेबाराला बीडला येते. एक वाजता परत निघते, साडेसहाला नगरला."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी सकाळच्या दवाखान्याला जायला नाही."

हे पत्र मी त्यांच्या त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे.

मी एसटी महामंडळात ३४ वर्षं नोकरी केली. आधी वाहक, शेवटची वर्षं वाहतूक नियंत्रक. गाड्या कोणत्या वेळेला सोडायच्या, कुठं मुक्कामी ठेवायच्या, कोणत्या फेरीला भारमान (भरलेल्या जागांचं प्रमाण) का मिळत नाही, यातच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे रेल्वेची गाडी दिसली की मला इंजिनाच्या आधी तिची वेळ दिसते. रेल्वे आल्याचा आनंद मला कुणाहूनही कमी झालेला नाही. बीड जिल्ह्यात रेल्वे नव्हती असं नाही, ती निजामाच्या काळापासून परळीला होती. पण बीड गावाला रेल्वे नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण असूनही दवाखाना, कॉलेज, नोकरी, ऊसतोडीचा कारखाना, सगळीकडे जायचं ते एसटीनं, ट्रॅव्हल्सनं, नाहीतर ट्रकच्या हौद्यात बसून. दसरा झाला की माझ्या तालुक्यातली निम्मी घरं कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा मुलखात रूळ पोहोचला ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच तिचा उपयोग पूर्ण व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आता वेळेचं सांगतो. खेड्यातल्या प्रवाशाचा दिवस सकाळी सुरू होतो. त्याला तालुक्याला, जिल्ह्याला, मोठ्या शहरात सकाळी पोहोचायचं असतं, कारण कोर्ट, कचेरी, बँक, दवाखाना ही सगळी कामं सकाळची. काम उरकून संध्याकाळी त्याला घरी यायचं असतं. एसटीनं हे फार पूर्वी ओळखलं आणि मुक्कामी गाडी काढली. संध्याकाळची शेवटची गाडी आगारात परत न आणता गावातच ठेवायची. चालक-वाहक देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, कुणाच्या ओसरीवर झोपायचे. पहाटे तीच गाडी गाव घेऊन निघायची. मी स्वतः अशा किती रात्री काढल्या असतील ते मोजता येणार नाही. थंडीत डिझेल गाडी सुरू व्हायला त्रास द्यायची, गावातली पोरं धक्का मारायची. पण साडेपाचला गाडी सुटायची आणि भरून जायची. तीच गाडी आगारात मुक्कामाला आणली असती आणि सकाळी रिकामी त्या गावाला पाठवली असती, तर ती गावात दहाला पोहोचली असती आणि गाव तोवर शेतात गेलं असतं.

बीडच्या रेल्वेचं सध्या तसंच झालं आहे. गाडी नगरला मुक्कामी आहे. सकाळी नगरहून बीडला येणारा प्रवासी थोडा आणि सकाळी बीडहून नगरला जाणारा प्रवासी भरपूर, हे या रस्त्यावर काम केलेला कुठलाही वाहक सांगेल. आणि नेमक्या त्या प्रवाशाला गाडी दुपारी एक वाजता मिळते. साडेसहाला नगर. तोवर बाह्यरुग्ण विभाग बंद, कचेरी बंद. पुढं दौंडमार्गे पुण्याला जायचं म्हटलं तर रात्र होते. १६६ किलोमीटरला साडेपाच तास लागतात, म्हणजे ताशी तीस किलोमीटर. एसटी तेच नगर तीन-साडेतीन तासांत गाठते. नव्या भरावावर सुरुवातीला वेग कमी ठेवावा लागतो, हे मला ठाऊक आहे, तो पुढं वाढेल. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. रेल्वेचं तिकीट एसटीच्या मानानं बरंच स्वस्त आहे, गरीब माणूस दोन तास जास्त बसेल. पण वेळ चुकीची असेल तर तो फुकटातही बसणार नाही.

मला भीती वाटते ती पुढची. सहा महिन्यांनी कुणीतरी आकडे काढील आणि म्हणेल की या गाडीला प्रवासी नाहीत. एसटीत हे मी किती वेळा पाहिलं! फेरीची वेळ चुकवायची, मग भारमान घसरतं, मग भारमान नाही म्हणून फेरी बंद होते आणि लोकांना सांगितलं जातं की तुमच्याकडून प्रतिसाद नव्हता. आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हाही प्रवासी कमी असल्याची चर्चा झालीच होती. बीडच्या बाबतीत ती व्हायला नको. तीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसांना "तुम्ही बसत नाही" असं ऐकवणं फार वाईट होईल.

या तीस वर्षांत पैशाचं काय झालं तेही लिहायला हवं, कारण वेळापत्रकात बोलण्याचा आमचा हक्क त्यातूनच येतो.

नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. मी तेव्हा बीड-पुणे गाडीवर वाहक होतो. कडा गावाला चढलेल्या एका प्रवाशानं पेपर उघडून ती बातमी अख्ख्या गाडीला वाचून दाखवली होती, ते मला आजही आठवतं. खर्चाचा अंदाज तेव्हा साधारण ३५३ कोटी रुपयांचा होता. दरवर्षी रेल्वेच्या अर्थसंकल्पात काहीतरी रक्कम पडायची, कधी नावापुरती. ज्यांनी पिंक बुक, म्हणजे रेल्वेच्या कोणत्या कामाला किती पैसा याची यादी, पाहिलं आहे त्यांना माहीत असेल की कागदावर प्रकल्प जिवंत ठेवण्यासाठी त्यात एक हजार रुपयांचीही तरतूद दिसते. पुढं राज्यानं अर्धा वाटा उचलायचं मान्य केलं. खर्च २,८२६ कोटींवर गेला तेव्हा राज्याचा वाटा १,४१३ कोटी झाला. आज एकूण खर्च ४,८०५ कोटींचा धरला आहे आणि राज्याचा वाटा २,४०० कोटींच्या वर गेला आहे. मूळ अंदाजाच्या हा साडेतेरा पट आकडा आहे.

याचं सगळं खापर दिरंगाईवर फोडणं बरोबर नाही. सिमेंट, लोखंड, मजुरी, डिझेल सगळंच वाढलं. १ जानेवारी २०१४ पासून भूसंपादनाचा नवा कायदा लागू झाला आणि ग्रामीण भागात बाजारभावाच्या चार पटींपर्यंत मोबदला मिळू लागला. हे योग्यच झालं. ज्याची जमीन जाते त्याला पैसे मिळायलाच पाहिजेत, माझ्या चुलतभावाचीही २२ गुंठे गेली आहे. पण हीच जमीन १९९५ ते २००५ या काळात घेतली असती, तर कितीतरी स्वस्तात हा मार्ग पुढं सरकला असता हेही तितकंच खरं आहे. थेंब थेंब पैसा देणं हा काटकसरीचा मार्ग वाटतो, पण या मार्गावर तोच सगळ्यात महाग पडला. घर बांधायला काढून दरवर्षी दहा विटांचेच पैसे देणाऱ्याचं घर कधी पुरं होत नाही, आणि झालंच तर दुप्पट पैशात होतं.

पैसा आला की काम होतं याचा पुरावाही याच मार्गावर आहे. नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा पहिला टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. म्हणजे मंजुरीपासून २७ वर्षं. आष्टी ते अमळनेर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, यवतमाळच्या कार्यक्रमातून, पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. आणि तिथून रायमोहा, राजुरी करत गाडी २०२५ च्या सप्टेंबरात बीडला आली. पहिले ६६ किलोमीटर २७ वर्षांत आणि पुढचे १०० किलोमीटर तीन वर्षांत. पुढच्या टप्प्याची कामं आधीपासून चालू होती हे मान्य, तरीही फरक डोळ्यात भरतो. डोंगर तोच होता, माती तीच होती, अभियंतेही तेच. पैसा सलग मिळू लागला, एवढाच काय तो बदल.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० साली स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. ७४१ किलोमीटर, सह्याद्रीच्या कुशीतून, बोगदे आणि पूल यांची रांगच्या रांग. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांनी तो विषय लावून धरला आणि ई. श्रीधरन यांनी तो पुरा केला. पण माणसांइतकीच तिथं पैशाची रचना महत्त्वाची होती. भागभांडवलात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा आधीच ठरला आणि उरलेला पैसा रोख्यांतून लोकांकडून उभा केला. त्या कर्जाच्या व्याजाचं ओझं कोकण रेल्वेनं पुढं कित्येक वर्षं वाहिलं, हे विसरून चालणार नाही. म्हणून बीडसाठी तसंच कर्ज काढा असं मी म्हणत नाही. पण कुणी, किती, कोणत्या वर्षी द्यायचं हे पहिल्याच दिवशी ठरवलं की काय होतं, हे तिथं दिसलं. आपल्याकडे सोलापूर-तुळजापूर-धाराशिव आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड हे मार्गही राज्याच्या वाट्यावर चालू आहेत. त्यांनी बीडसारखी तीस वर्षं वाट पाहू नये.

माझा मुख्य मुद्दा आता येतो. राज्य अर्धे पैसे देतं. तो पैसा कुठून येतो? आमच्या खिशातून. एसटीच्या तिकिटात प्रवासी कर असतो, साडेसतरा टक्के. मी ३४ वर्षं तो कर गोळा केला. पहाटेच्या गाडीतल्या भाजीवालीकडून केला, कारखान्यावर निघालेल्या ऊसतोड्याकडून केला, परीक्षेला चाललेल्या पोराकडून केला. माझ्या जिल्ह्यातला माणूस प्रवास करताना आयुष्यभर राज्याला पैसे देत आला आहे. मग अर्धा वाटा उचलणाऱ्या राज्यानं रेल्वेकडे दोन गोष्टी लेखी मागायला हव्यात: तो मार्ग कोणत्या तारखेला पुरा होणार, आणि त्यावर पहिली गाडी कोणत्या वेळेला सुटणार. पैसे देताना रूळ, पूल, स्थानक यांचा हिशेब होतो. वेळापत्रक मात्र उद्घाटनाच्या तोंडावर, असलेला रेक (डब्यांचा पूर्ण संच) कुठं उभा आहे ते पाहून ठरतं. खरं तर ते पहिल्या आराखड्यात असायला हवं. प्रवाशाला कुठं, किती वाजता पोहोचायचं आहे हे आधी ठरवावं, मग गाडी, कर्मचारी, मुक्कामाची सोय हे त्यामागून ठरवावं.

बीडच्या गाडीबाबत बदल अवघड आहे असं मला वाटत नाही. आजचाच रेक, आजचेच किलोमीटर, जवळपास आजचंच इंधन. गाडी रात्री बीडला ठेवायची. पहाटे पाचला बीडहून सोडली तर आजच्याच धावण्याच्या वेळेनं साडेदहाला नगर. दवाखान्यात नंबर लागतो, कचेरीचं काम होतं, पुण्याला जाणाऱ्याला दुपार मिळते. नगरला तिची तपासणी, साफसफाई, डिझेल हे सगळं साडेदहा ते साडेचार या सहा तासांत करता येईल. संध्याकाळी साडेचारला नगरहून निघून रात्री दहाला बीडला मुक्काम. यासाठी बीडला चालक आणि गार्ड यांच्या विश्रांतीची खोली, पाणी, दिवे, रात्रीचा बंदोबस्त एवढं लागेल. ४,८०५ कोटींच्या कामात हा खर्च दिसणारही नाही. रेल्वेच्या नियमांत काही अडचण असेल तर ती लोकांना सांगावी. आम्ही समजून घेऊ आणि दुसरा उपाय सुचवू.

एसटीनंही आपल्या बाजूनं हात पुढं करायला हवा, आणि हे मी घरचा माणूस म्हणून लिहितो. बीडचं रेल्वे स्थानक बसस्थानकापासून पायी जाण्यासारखं नाही. साडेबाराला उतरलेल्या माणसाला गेवराई, माजलगाव, केज, वडवणी, धारूरकडे जायचं असतं. गाडीच्या वेळेला त्या त्या दिशेची एक-एक बस स्थानकाबाहेर उभी राहिली, तर रेल्वेलाही प्रवासी मिळेल आणि एसटीलाही. काही अधिकाऱ्यांना रेल्वे ही एसटीची स्पर्धक वाटते. मला तसं वाटत नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, आणि नगरला तेव्हाही रेल्वे होतीच. दोघींनी मिळून त्या भागाची चाकं फिरवली. आमच्या भागातही तसंच व्हावं.

उरला बीड ते परळी हा साधारण ९५ किलोमीटरचा तुकडा. वडवणी, सिरसाळा आणि मग परळी. तो जोडला जात नाही तोवर बीड हे शेवटचं स्थानक आहे, गाडी तिथून मागं फिरते. परळीला जोडलं की हाच मार्ग आरपार होतो. एका टोकाला नगर, दौंड, पुणे, मनमाड आणि दुसऱ्या टोकाला परभणी, नांदेड, विकाराबाद, हैदराबाद. वैजनाथाला येणारे भाविक, परळीच्या औष्णिक केंद्राचा कोळसा, माजलगाव-तेलगाव भागातली साखर, आमच्या बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ, सगळ्याला दोन्ही दिशा मिळतील. आधीच्या १६६ किलोमीटरवर घातलेल्या पैशाचं खरं मोल या शेवटच्या तुकड्यातून वसूल होणार आहे. इथं हात आखडता घेतला तर मागचा सगळा खर्चही अर्धवट पडून राहील.

म्हणून राज्य सरकारला माझी विनंती आहे. येत्या अर्थसंकल्पात बीड-परळीसाठी राज्याच्या वाट्याची उरलेली रक्कम वर्षनिहाय मांडावी: या वर्षी इतके कोटी, पुढच्या वर्षी इतके, आणि अमुक तारखेला परळी. ती पुरवणी मागण्यांवर सोडू नये. नुसती तरतूद मांडून भागणार नाही. वर्षाअखेरीस त्यातले किती प्रत्यक्ष वितरित झाले आणि कोणत्या गावापर्यंत काम आलं, हेही जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावावं. जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांच्या आमदार-खासदारांनी यात एकत्र बसावं. बीडचे दिवंगत खासदार केशरकाकू क्षीरसागर आणि गोपीनाथ मुंडे यांनी या रेल्वेसाठी दिल्लीत पाठपुरावा केला. दोघांनाही ती बीडला आलेली पाहता आली नाही.

माझ्या चुलतभावाच्या उरलेल्या रानात, बांधाच्या कडेला, रेल्वेच्या हद्दीचे दगड उभे आहेत. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसानं त्याची कपाशी आणि सोयाबीन दोन्ही गेलं, दगड तेवढे धुऊन स्वच्छ निघाले. परवा वडील माझ्यासोबत तिथं आले होते. काठीनं एका दगडाला टेकून त्यांनी विचारलं की वडवणीला गाडी आली तर ती इथं किती वाजता येईल. बीडला मुक्कामी राहणारी गाडी पुढं परळीला मुक्कामी ठेवली आणि ती परळीहून रात्री दोनच्या सुमारास सोडली, तर वडवणीला चारच्या आसपास येईल, असं मी त्यांना बोटावर मोजून सांगितलं. "चारला मी उठलेलाच असतो," ते म्हणाले.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक,
वडवणी, जि. बीड